कुनाचा रं तू?

२०२४ च्या रमजान ईदला माझ्या धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर बाकूचे फोटो टाकले. भाऊ शारजात असतो, बायको आणि दोन मुलांसह. युएईत ईदची आठवडाभर सुट्टी होती. चौघं अझरबैजानला गेले होते. कास्पियन समुद्राचा किनारा, जुन्या शहराच्या दगडी गल्ल्या, अंगात जाड जॅकेटं, हातात चहाचे नाजूक पेले. फोटो छान होते. सगळ्यांनी अंगठे दाखवले, कुणी माशाअल्लाह लिहिलं. संध्याकाळी आमच्या फुफीचा आवाजी निरोप आला : "बाकूला जायला वेळ मिळतो, म्हसळ्याला यायला मिळत नाही."

त्यानंतर ग्रुपवर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. भावाने उत्तर दिलं नाही. मीही गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं जास्त चुकीचं होतं, कारण मी स्वतः एकोणीस वर्षं सौदीत काढून आलोय. दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितोय.

आधी फुफीला उत्तर. बाकूला जाणं हे गावाला येण्यापेक्षा सोपं आहे, आणि हे ऐकायला कितीही वाईट वाटलं तरी खरं आहे. शारजाहून तीन तासांच्या आसपासचं विमान. पासपोर्टसोबत युएईचा रहिवासी व्हिसा असला की तिथं पोचल्यावर व्हिसा मिळतो. जॉर्जिया, आर्मेनियाही आखातातल्या रहिवाशांना असेच सोपे पडतात. म्हणून तर हल्ली आखातातली निम्मी भारतीय कुटुंबं तिबिलिसीत एकमेकांना भेटतात. मुंबईचं विमानही तीनच तासांचं, पण खरा प्रवास मुंबईला उतरल्यावर सुरू होतो. मीरा रोडला एक मुक्काम. मग मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि भावाच्या थोरल्या मुलाच्या वयाइतकं होत आलंय. माणगावहून आत वळून म्हसळा, तिथून गाव. गावात पोचलं की कुणाकडे आधी गेलो आणि कुणाकडे नंतर, कुणाला परफ्यूम दिलं आणि कुणाला नुसती चॉकलेटं, याचा हिशेब. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा पोरगा बारावी पास झालाय त्याला "तिकडे" लावून द्यायचंय. तीस दिवसांची रजा. परत जाताना माणूस आला त्यापेक्षा दमलेला असतो.

बाकूत त्याला कुणी ओळखत नाही. चार दिवस तो फक्त आपल्या बायकोचा नवरा आणि आपल्या मुलांचा बाप असतो. हे सुख त्याने विकत घेतलं तर त्यात गुन्हा काय?

इथपर्यंत मी भावाच्या बाजूने. पण त्याच बाकूच्या सहलीतली आणखी एक गोष्ट आहे. ती त्याने ग्रुपवर टाकली नव्हती, मला फोनवर सांगितली. बाकूजवळ सुराखानी नावाच्या ठिकाणी एक जुनं अग्निमंदिर आहे, आतेशगाह. सतराव्या-अठराव्या शतकात हिंदुस्थानातून व्यापारासाठी गेलेल्या लोकांनी बांधलेलं. मुलतानचे व्यापारी तिथपर्यंत जात, राहत, आणि त्यांचे साधू तिथे जमिनीतून पेटणाऱ्या ज्योतीपाशी मुक्काम ठोकत. मंदिराच्या खोल्यांच्या दारांवर दगडी शिलालेख आहेत. काही गुरुमुखीत, बरेचसे देवनागरीत. एक तर गणेशाला वंदन करून सुरू होतो. परदेशात, तेलाच्या विहिरींच्या गावात, आपली अक्षरं दगडात कोरलेली. माझी भावजय म्हसळ्याच्या शाळेत मराठीत शिकलेली. ती थांबली आणि अक्षर अक्षर लावून वाचायला लागली. मुलगा शेजारी उभा होता. पंधरा वर्षांचा. त्याने विचारलं, "मम्मा, यू कॅन रीड दॅट?"

त्याला देवनागरी येत नाही. शाळेत अरबी सक्तीची होती, दुसरी भाषा म्हणून त्याने फ्रेंच घेतली, कारण फ्रेंचमध्ये मार्क चांगले पडतात असं सगळे म्हणत होते. घरात आई-बाप आपसात आमची कोकणी बोली बोलतात आणि मुलांकडे वळले की इंग्रजी किंवा उर्दूमिश्रित हिंदी. बोली हा जणू नवरा-बायकोचा खासगी मामला. भाऊ हे हसत सांगत होता. मग तोच म्हणाला, "भाई, हसण्यासारखं नाही ना पण?"

नाही.

इथे थोडं मागे जातो, कारण आखात ही आमच्या समाजाची कालची गोष्ट नाही. कोकण किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे गलबतं जात होती ती तेल सापडण्याच्या कितीतरी आधीपासून. एक काळ असा होता की कुवेत, बहरीन, दुबईत आपला रुपया चालायचा. सोन्याची चोरटी आयात थांबवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या, 'गल्फ रुपया'. कुवेतने १९६१ ला स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ ला, दुबई-कतारने १९६६ मध्ये रुपया सोडला. आज आपण दिरहमचा भाव बघत बसतो, त्या देशांच्या बाजारात एकेकाळी आपली नोट मोडून मिळायची, हे मी साइटवर पाकिस्तानी आणि फिलिपिनो सहकाऱ्यांना सांगायचो तेव्हा कुणाचा विश्वास बसायचा नाही.

आमचे अब्बा १९७४ साली बहरीनला गेले, 'द्वारका' नावाच्या आगबोटीने, डेकवर, वळकटी घेऊन. मुंबईहून कराची करत आखातातल्या बंदरांना जाणारी ती बोट १९८२ मध्ये बंद झाली. अब्बा दोन-अडीच वर्षांनी एकदा यायचे. मधल्या काळात कॅसेट यायची. अब्बा एका बाजूला बोलून टेप पाठवायचे, आम्ही दुसऱ्या बाजूला बोलून परत पाठवायचो. शेजारच्या घरातला टेपरेकॉर्डर मागून आणायचा. अम्माला जे सांगायचं असेल ते ती आम्हाला बाहेर काढून सांगायची. अब्बा सुट्टीवर आले की पहिले चार-पाच दिवस मी दाराआडून बघायचो. हा माणूस कोण, याला काय म्हणायचं, कळायचं नाही. ओळख पटेपर्यंत त्यांची जायची तारीख जवळ यायची. पण एक गोष्ट होती. अब्बा दोन वर्षांनी आले तरी आम्ही मात्र गावात होतो. आमची शाळा, आमची मशीद, आमची खाडी, आमची शिव्या द्यायची भाषा जागच्या जागी होती. बाप पाहुणा होता, मुलं नव्हती.

माझ्या पिढीने ठरवलं की आपण असं करायचं नाही, कुटुंब सोबत न्यायचं. मी जुबेलला गेलो, २००३ मध्ये फॅमिली व्हिसा मिळाला आणि बायकोला नेलं. दोन्ही मुली तिथल्याच. कंपनीच्या फ्लॅटमधलं आयुष्य बाहेरून वाटतं तसं नसतं, चांगलंही आणि वाईटही. सकाळी सहाला बस. दुपारी मुली शाळेतून येऊन चार भिंतींत. खाली मलबारी माणसाचा बकाला, जिथे कढीपत्त्यापासून रिचार्जपर्यंत सगळं मिळायचं. संध्याकाळी सात वाजताही बाहेर भट्टी. सुट्टीच्या आदल्या रात्री समुद्राकाठी चटई टाकून बसायचं, बिर्याणीचा डबा, शेजारी हैदराबादी, समोर केरळी. सुट्टी आधी गुरुवार-शुक्रवार होती, २०१३ मध्ये शुक्रवार-शनिवार झाली. तेव्हा सगळ्या घरांचं वेळापत्रक महिनाभर कोलमडलं होतं.

आमचा प्रवास म्हणजे दोनच. एक उमरा, बसने, रात्रभर वाळवंट कापत. बसमध्ये मुलींना उलट्या, आणि पहाटे हरमचे मिनार दिसले की सगळं विसरायला व्हायचं. दुसरा बहरीन, पंचवीस किलोमीटरच्या समुद्रावरच्या पुलावरून. बहरीनला जायचं कारण सांगायला आज हसू येतं : सिनेमा बघायला. सौदीत चित्रपटगृहं २०१८ पर्यंत नव्हती. ज्या बहरीनला अब्बांनी उमेदीची वर्षं घातली तिथे मी शाहरुखचे सिनेमे बघायला जायचो. एकदा मनामात उतरून अब्बा राहायचे ती जागा शोधायला गेलो होतो. तिथे पार्किंग झालं होतं.

मग २०१७ चा जुलै आला. सौदीने सोबत राहणाऱ्या कुटुंबावर कर बसवला. माणशी महिन्याला १०० रियाल, दर जुलैला आणखी शंभरने वाढणार, २०२० पर्यंत ४००. आमच्या घरात बायको आणि दोन मुली, म्हणजे तीन माणसं. पहिल्या वर्षी ३६०० रियाल, दुसऱ्या वर्षी ७२००, तिसऱ्या वर्षी १०,८००, चौथ्या वर्षी १४,४००. आणि हे इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायचे. ज्यांचे पगार मोठे त्यांनी भरले. आमच्या इमारतीतली भारतीय कुटुंबं एकेक करून निघाली. जिन्यात दर आठवड्याला कुणाचा तरी फ्रीज विकायला ठेवलेला असायचा. जुलै २०१८ मध्ये मी माझं कुटुंब मीरा रोडला आणून सोडलं. त्याच्या एकच महिना आधी तिकडे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली होती. माझ्या बायकोने त्यावरून मला अजून माफ केलेलं नाही.

पुढची दोन वर्षं मी तिकडे एकटा, त्या इथे. थोरली तेव्हा नववीत. ती दोन वर्षं मी मोबाइलच्या पडद्यावर बाप होतो. अब्बांची कॅसेट आणि माझा व्हिडिओ कॉल यांत फरक इतकाच की कॅसेट ऐकताना कुणी "नेटवर्क नाही" म्हणून तोंड फिरवू शकत नव्हतं. २०२० मध्ये नोकरी गेली आणि वंदे भारतच्या विमानाने मी कायमचा परत आलो. घरात शिरलो तेव्हा धाकटी दाराआडून बघत होती. मी ते बघणं ओळखलं.

हे सगळं सांगतोय कारण आता माझा भाऊ त्याच वळणावर उभा आहे. पगार आहे तिथेच आहे, शाळेची फी वाढतेय, मुलगा दहावी ओलांडतोय. युएईने २०२२ मध्ये नियम बदलला, नाहीतर मुलगा अठराचा झाला की बापाच्या व्हिसावर राहता येत नव्हतं. आता पंचविसापर्यंत येतं. पण पंचवीस काय आणि अठरा काय, तारीख आहेच. तिथे जन्मलेल्या, तिथेच पहिलं पाऊल टाकलेल्या मुलाला एक दिवस सांगावं लागतं की बाबा, हे तुझं घर नाही. मग तो विचारतो, कुठलं माझं? आपण म्हणतो, गाव. आणि गावाबद्दल त्याला काय माहीत? पाऊस.

खरोखर पाऊसच. आखातातल्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे ही मुलं दर खेपेला भर पावसात येतात. चिखल, डास, लाइट गेलेली, ओले कपडे वाळत नाहीत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. ज्या कोकणाच्या आठवणी काढून आई-बाप तिकडे उसासे टाकतात ते मे महिन्याचं किंवा डिसेंबरचं कोकण. मुलांनी ते पाहिलेलंच नसतं. त्यांच्या लेखी बापाचं गाव ही एक ओली, अंधारी जागा आहे, जिथे वायफाय नाही आणि जिथे अनोळखी बायका गाल ओढतात. त्यात त्यांचा काय दोष?

२०२४ च्या डिसेंबरात मात्र घरात लग्न होतं, म्हणून भावाचं कुटुंब हिवाळ्याच्या सुट्टीत आलं. विधानसभेची निवडणूक महिन्याभरापूर्वी होऊन गेली होती. परदेशस्थ भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला इथे हजर राहावं लागतं, त्यामुळे भावाने आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. पण तो वेगळा विषय.

लग्नाआधी तीन-चार दिवस मोकळे होते. मुलांना मॉल दाखवायची टूम निघाली. मी म्हटलं, शारजाच्या पोरांना मीरा रोडचा मॉल काय दाखवायचा, जरा लाज बाळगा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला घेऊन मी उत्तनला गेलो.

मीरा-भाईंदरच्या बाहेरच्यांना आमचं शहर म्हणजे टॉवर आणि लोकलची गर्दी वाटते. पण भाईंदर पश्चिमेहून बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा करत अर्ध्या-पाऊण तासात दुसऱ्याच मुलखात पोचायला होतं. वाटेत मिठागरं, मग डोंगरीची झाडी, मग अचानक समुद्र. उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावं, बहुतेक ख्रिस्ती. दारात क्रूस, अंगणात जाळी, भाषा मराठी. चौकला धारावीचा किल्ला होता. पोर्तुगीजांकडून तो १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतला. पुतण्याला मी हे सांगत होतो, तो ऐकल्यासारखं करत मोबाइलवर नकाशा बघत होता. मग म्हणाला, "चाचा, इथून सरळ गेलं तर आमचं घर येतं." बोट समुद्राकडे. नकाशावर उत्तनहून शारजापर्यंत त्याने रेघ ओढली होती. खरंच, मध्ये बहुतेक पाणीच होतं. मला ते किल्ल्यापेक्षा आवडलं.

डिसेंबर म्हणजे बोंबील सुकवायचे दिवस. किनाऱ्यावर बांबू रोवून, आडवे दोर बांधून ओळीच्या ओळी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. हजारो जोड्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. पुतण्याने आधी नाकाला रुमाल लावला. मग फोटो काढले. मग एका बाईजवळ जाऊन तिचे हात बघत उभा राहिला. बाई साठीच्या असाव्यात. हात इतके भराभर चालत होते की जबडा जबड्यात कधी अडकला ते दिसत नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कुनाचा रं तू?"

आमच्या गावात आमची अम्माही नव्या पोराला हेच विचारायची. नाव नाही विचारायचं, जात-धर्म तर नाहीच. कुणाचा? कुठल्या घरचा? उत्तर मिळालं की लगेच पुढे : अरे मग तू अमक्याचा नातू, ये बस.

पोराने माझ्याकडे बघितलं. प्रश्न त्याला कळला होता, शब्द ओळखीचे होते. उत्तर सुचत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आय अ‍ॅम फ्रॉम शारजा."

बाई हसल्या. टोचून नाही. "शारजा? दुबईच्या बाजूला ना तो? माजा पोरगा शिपवर हाय. तो बोलतो मला, आई, शारजाला लागली शिप." मग माझ्याकडे वळून, "मराठी नाय येत काय याला?" मी म्हटलं, समजतं, बोलत नाही. त्या म्हणाल्या, "समजतं ना, मंग बोलंल." आणि दोन बोंबील त्याच्या हातात दिले.

पुढचा तासभर मी एका होडीच्या सावलीत बसून होतो. पोराला पहिल्या पाच-सहा जोड्या जमल्या नाहीत. माशाचे दात बोटाला लागले. मग जमल्या. बाई त्याच्याशी सतत मराठीत बोलत होत्या, त्याला येतं की नाही याची फिकीर न करता. अशीच बोलतात आपली माणसं लहान बाळाशी, आणि अशीच ती बोलायला शिकतात. तो आधी मान हलवत होता, मग "हां" म्हणत होता, मग मी स्पष्ट ऐकलं, त्याने विचारलं, "हे किती दिवस ठेवायचं?" मोडकं नाही, अख्खं वाक्य. ते त्याच्या आत होतंच. आई-बापांचं आपसातलं बोलणं पंधरा-सोळा वर्षं ऐकून साठलेलं. कुणी त्याच्याकडून मागितलं नव्हतं, इतकंच.

माझं म्हणणं इथे आहे. गावाला येत नाहीत म्हणून फुफीने रागवू नये, आणि येतात म्हणून भावाने समाधान मानू नये. आल्यावर आपण त्यांचं काय करतो? त्यांना पाहुण्यासारखं सोफ्यावर बसवतो. मुलांसाठी खास नूडल्स मागवतो. त्यांच्याशी आपल्या मोडक्या इंग्रजीत बोलतो, कारण आपल्यालाही दाखवायचं असतं की आम्ही काही मागे नाही. घरातलं एक काम त्यांना सांगत नाही. मग महिनाभर हॉटेलात राहिल्यासारखं राहून ती परत जातात आणि आपण म्हणतो, पोरांना आपुलकी नाही. तांदूळ निवडायला बसवा, विहिरीवर पाठवा, आजीची औषधं आणायला पाठवा, खतीबचाचांकडे निरोप घेऊन पाठवा आणि परत येऊन ते काय म्हणाले ते सांगायला लावा. ज्या घरात आपल्याला काम सांगितलं जातं ते घर आपलं असतं.

आणि आखातातल्या आई-बापांना, म्हणजे माझ्याही जुन्या स्वतःला, सांगायचंय ते भाषेचं. आपल्यात एक समज पक्का बसलाय : उर्दू ही दीनची, इंग्रजी ही रोजीची, मग मराठी कशाला? आणि कोकणी बोली तर गावंढळ, ती मुलांसमोर बोलायची नाही. उर्दूला माझा विरोध नाही. मी ती वाचतो, मला ती प्रिय आहे. पण आपल्या आजीने आपल्याला ज्या भाषेत रागे भरलं, ज्या भाषेत जनाजा उचलताना घरच्या बायका रडल्या, ती उर्दू नव्हती. आपल्या घरात ती मराठीच आहे, कोकणच्या मातीची, अरबी-फारसीचे शब्द मुरलेली. तिच्यात रोजाही आहे आणि रोवणीही. मलबारी शेजारी आपल्या मुलांना मल्याळम शिकवल्याशिवाय राहत नाही. मी एकोणीस वर्षं बघितलंय, आठवड्याच्या सुट्टीला त्यांचे वर्ग भरायचे. मुलांना कंटाळा यायचा तरी भरायचे. आज त्यांची मुलं केरळात परतली तर दुकानदाराशी बोलू शकतात. आमच्या मुली मीरा रोडला आल्या तेव्हा नववीतल्या पोरीला मराठीचा पेपर बघून रडू फुटलं होतं. शिकवणी लावली, दोन वर्षं झगडली, निघाली. पण ते दोन वर्षांचं काम मी तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून, फुकट, जेवणाच्या ताटावर करू शकलो असतो. केलं नाही. साइटवरून दमून यायचो, हे खरं. पण दमलेला माणूसही कुठल्या ना कुठल्या भाषेत बोलतोच की.

तिबिलिसीला जा, बाकूला जा, पैसे साठले तर मलेशियाला, श्रीलंकेला जा. आशिया मोठा आहे आणि आपल्या बापजाद्यांनी तो डेकवर झोपून पाहिला, मुलांनी विमानातून पाहिला तर आनंदच आहे. फक्त देवनागरीतली पाटी दिसली तर ती वाचता यावी.

भावाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कुटुंब इकडे पाठवायचं की नाही, तो दर आठवड्याला फोनवर विचारतो. मी त्याला माझी दोन वर्षं सांगितली आहेत. माझं मत असं की काटकसर करून, लहान घर घेऊन, सहली बंद करून का होईना, जमेल तितकी वर्षं एकत्र राहा. यायचंच झालं तर चौघं या. भावजयीचं मत वेगळं आहे. ती म्हणते, मुलाची बारावी आणि कॉलेज इकडे झालं तर निदान त्याला माणसं तरी कळतील, आणि तुम्ही पुरुष सोबत राहण्याच्या मोठ्या गोष्टी करता पण बारा तास कामावर असता. तिचंही खोटं नाही. तिला मी उत्तर देऊ शकलेलो नाही.

उत्तनहून निघताना बाईंनी आधीच सुकलेले बोंबील कागदात बांधून दिले. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मी टोपलीत ठेवले. मीरा रोडला बसमध्ये आमच्या आजूबाजूच्या दोन सीट रिकाम्या राहिल्या, वासाने. ते बोंबील भावजयीने तीन पिशव्यांत गुंडाळून, वर चिकटपट्टी मारून शारजाला नेले. खोक्यावर काळ्या मार्करने नाव पोराने लिहिलं. इंग्रजीत.

परवा त्याचा मला आवाजी निरोप आला. यंदा जुलैमध्ये ते पुन्हा येताहेत. बोलला बोलीत आणि हिंदीत आणि मध्येच इंग्रजीत, पण सुरुवात "चाचा, मला विचारायचं हाय" अशी होती. उत्तनला जायचंय त्याला. मी सांगितलं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, बोंबील नसणार, किनाऱ्यावर नुसते बांबू. त्यावर त्याने विचारलं, मग ती आजी त्या दोन महिन्यांत काय करते?

मला माहीत नाही. येत्या रविवारी जाऊन विचारून येईन म्हणालोय.